‘जळकं’ ऑइल जळलेलं नसतंच!

तुमच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं? तारीख नाही, पण महिना तरी आठवेल. आता दुसरा प्रश्न. गाडीतून काढलेलं जुनं ऑइल कुठे गेलं?

गेले पंधरा दिवस मी भेटेल त्याला हा प्रश्न विचारतेय. कॉलेजच्या ग्रुपवर विचारला, डहाणू लोकलमध्ये शेजारी बसलेल्या मुलींना विचारला. कापलेल्या केसांचं न्हावी काय करतो, असं काहीतरी मी विचारतेय, अशा नजरेने बहुतेकांनी माझ्याकडे बघितलं. एक जण म्हणाला, ‘‘मेकॅनिककडे गेलं.’’ आणि मेकॅनिककडून? ‘‘त्याचं तो बघेल ना!’’

मी सफाळ्याची. एडवण, दातिवरे, उसरणी, माकणे अशा आजूबाजूच्या गावांतून मुलंमुली आणि नोकरदार टू-व्हीलरवर स्टेशनपर्यंत येतात, गाडी लावतात आणि धावत लोकल पकडतात. संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की जमिनीवर काळे डाग उरतात. प्रत्येक गाडीने हजेरीपटावर सही केल्यासारखे. शाळेत असल्यापासून मी हे डाग बघतेय. पहिला पाऊस पडला की धुऊन जातात, एवढंच ठाऊक होतं. धुऊन ‘कुठे’ जातात, हा प्रश्न पडायला मला बावीस वर्षं लागली.

तो इंद्रधनुष्याचा फोटो

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःचं सांगते. सेकंड इयरला असताना मी मोबाइलवर व्हिडिओ बघून माझ्या स्कूटरचं ऑइल घरीच बदललं. सर्व्हिसिंगचे पैसे वाचले, शिवाय ‘मुलगी असून गाडी खोलते’ म्हणून वाडीत जरा भावही वाढला. पाऊण-एक लिटर काळंभोर तेल रंगाच्या रिकाम्या डब्यात जमा झालं. बाबा म्हणाले, ‘‘कुंपणाच्या खांबांना लाव, वाळवी लागत नाही.’’ थोडं लावलं, उरलेलं तिथेच मुळाशी ओतलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. जळकं ऑइल आणि वाळवी हे समीकरण आजोबांच्या काळापासूनचं.

मग पाऊस आला. कुंपणाकडून भाजीच्या वाफ्यांकडे जाणाऱ्या चरात पाण्यावर सुंदर रंग दिसले. जांभळा, हिरवा, सोनेरी. मी फोटो काढला, ‘फर्स्ट रेन, फर्स्ट रेनबो’ असं लिहून स्टोरी टाकली. हार्टही बरेच मिळाले. तो रेनबो माझ्याच स्कूटरच्या इंजिनातून आला होता आणि आम्ही खातो त्या भेंडीच्या मुळाशी निघाला होता, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

तेल पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर पसरतं. खूप पातळ पसरतं, म्हणून तर ते रंग दिसतात. तो थर पाण्यात हवा जाऊ देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं एक गणित जगभर सांगितलं जातं. एका ऑइल बदलातून निघणारं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. तिथलं ऑइल बदलणं म्हणजे कारचं, चार-पाच लिटरचं. माझं एक लिटरही नव्हतं. म्हणून चौथा-पाचवा हिस्सा धरा. तरी आकडा लाखांतच राहतो. आणि आमची विहीर त्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आईचं तूप आणि इंजिनाचं तेल

या विषयावर वाचायला लागले तेव्हा सगळ्यात मोठा धक्का एका साध्या गोष्टीने बसला. जळकं ऑइल जळलेलं नसतं. त्यातलं थोडंसं इंजिनात जळतं, हे खरं. पण जे बाहेर निघतं ते मुख्यतः मळलेलं असतं.

इंजिन ऑइलमध्ये बहुतांश भाग असतो ‘बेस ऑइल’चा, म्हणजे मूळ वंगणाचा. उरलेल्या भागात गंज रोखणारी, मळ धरून ठेवणारी, उष्णतेत तेल फार पातळ होऊ न देणारी रसायनं मिसळलेली असतात. काही हजार किलोमीटर गाडी पळाली की ही रसायनं संपत येतात. तेलात काजळी, झिजलेल्या धातूचे कण, थोडं पाणी आणि थोडं पेट्रोल मिसळतं. म्हणून ते काळं होतं आणि म्हणून बदलावं लागतं. मूळ तेलाचा बराचसा भाग मात्र शाबूत असतो. शर्ट मळला म्हणून कोणी जाळून टाकत नाही. तेलाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

धुवायचं कसं? घरी लोणी कढवताना बघितलंय ना? आधी कडकड आवाज येतो, तो लोण्यातलं पाणी उडून जाण्याचा. आवाज थांबला की आई गॅस बारीक करते. मग खाली बेरी बसते आणि वर स्वच्छ तूप राहतं. तेलाच्या पुनर्शुद्धीकरणाची सुरुवात साधारण अशीच. आधी तापवून पाणी उडवतात, मग मिसळलेलं पेट्रोल-डिझेल काढून घेतात. इथून पुढे मात्र तुपाची उपमा सोडावी लागते. कारण इथे तेलाचीच वाफ करतात आणि ती थंड करून परत तेल मिळवतात. साध्या दाबाखाली एवढं तापवलं तर तेल करपेल, म्हणून भांड्यातली हवा ओढून घेतात. दाब कमी झाला की तेल कमी तापमानाला उकळतं. डोंगरावर पाणी लवकर उकळतं, तोच नियम. तळाशी जी ‘बेरी’ उरते, ती डांबरासारखी घट्ट असते आणि डांबराच्या कामातच वापरता येते. शेवटी तेलाचा उरलासुरला रंग आणि वास काढायला खास मातीतून गाळतात किंवा हायड्रोजनची प्रक्रिया करतात. हाती येतं ते पुन्हा बेस ऑइल. त्यात नवी रसायनं मिसळली की पुन्हा इंजिन ऑइल.

किती फायदा? तिकडचंच आणखी एक गणित. अडीच क्वार्ट, म्हणजे साधारण २.४ लिटर वंगण तेल मिळवायला ४२ गॅलन कच्चं तेल लागतं. म्हणजे एक पूर्ण बॅरल, १५९ लिटर. तेवढंच वंगण वापरलेल्या तेलातून मिळवायला एक गॅलन पुरतं, पावणेचार लिटरच्या आसपास. बॅरलमधलं बाकीचं कच्चं तेल वाया जात नाही, त्याचं पेट्रोल-डिझेल होतं, हे मान्य. तरी जो देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, त्याने हातातलं तेल कुंपणाला फासावं का?

पिंपाच्या पुढची गोष्ट

‘‘फेकत कोण नाही हो ताई,’’ आमच्या ओळखीच्या मेकॅनिकदादांनी मला आधीच गप्प केलं. त्यांच्या गॅरेजच्या मागे एक लोखंडी पिंप आहे. प्रत्येक गाडीचं ऑइल त्यात जातं. हिशेब करा. रोज आठ गाड्या, प्रत्येकी साधारण एक लिटर, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले दोनशे लिटर. महिन्याला एक पिंप. पिंप भरलं की टेम्पोवाला येतो, रोख पैसे देतो आणि घेऊन जातो.

‘‘कुठे नेतो?’’

‘‘ते विचारलं तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजकडून घेईल.’’

या एका वाक्यात सगळा धंदा आला. मी दादांना दोष देत नाही. दिवसभर त्या काळ्या तेलात हात घालून त्यांच्या नखांतला रंग आता जात नाही. त्या काजळीतल्या काही रसायनांनी कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. हातमोजे दिलेले नाहीत. पिंप रिकामं करणारा जो दारात येतो, त्यालाच ते देणार.

दारातून निघालेल्या तेलाच्या वाटा साधारण अशा. काही सेंट्रिंगवाल्यांकडे जातं, स्लॅबच्या प्लेट्सना काँक्रीट चिकटू नये म्हणून. काही भट्ट्यांमध्ये स्वस्त इंधन म्हणून जळतं, आणि मग त्यातले धातू आणि काजळी धुराबरोबर आपल्या नाकात येतात. काही नुसतं गाळून, रंग उजळवून नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरलं जातं आणि ‘ओरिजिनल’ म्हणून परत आपल्याच गाडीत ओतलं जातं. रिकामा डबा फोडून टाका, असं कंपन्या उगाच सांगत नाहीत.

आणि हो, ‘रिसायकल’ हा शब्द ऐकला की लगेच टाळ्या वाजवू नका. जुन्या पद्धतीत हे तेल गंधकाम्ल टाकून साफ करतात. तेल दिसायला छान होतं, पण मागे आम्लाने भरलेला चिकट काळा गाळ उरतो. तो कुठे टाकणार? रात्री एखाद्या ओढ्यात. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. वाडा तालुक्यात जुन्या टायरांपासून तेल काढणारे कारखाने कागदावर ‘पुनर्वापर’च करतात. त्यांच्या धुराच्या तक्रारी आणि अपघातांच्या बातम्या आपण वाचल्यात. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. मासे मिळेनासे झाले की काय होतं, हे मुरबे-नवापूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

या तेलाची एक गोष्ट तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्हावाशेवा बंदरात १३३ कंटेनर अडकून पडले होते. कागदावर होतं ‘वंगण तेल’. तपासणीत निघालं घातक टाकाऊ तेल. म्हणजे दुसऱ्या देशांची घाण आपल्याकडे शुद्ध माल म्हणून उतरत होती. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते सगळं शास्त्रीय भट्टीत जाळून नष्ट करायचा आदेश दिला, तोही आयात करणाऱ्यांच्या खर्चाने. परक्यांचं टाकाऊ तेल आपल्याला चालत नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. आपलं स्वतःचं चालतं का, हा प्रश्न मात्र गॅरेजमागच्या पिंपात तसाच पडून आहे.

कायदा आहे, टेम्पो नाही

तुम्हाला वाटेल, सरकारने काहीतरी करायला पाहिजे. गंमत म्हणजे सरकारने केलंय. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल आहे. ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्याकडेच गेलं पाहिजे, असं हे नियम सांगतात. सप्टेंबर २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. आता वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर, आपण बाजारात आणलेल्या तेलाचा ठरावीक हिस्सा पुनर्शुद्ध होतो की नाही हे बघण्याची जबाबदारी आहे. हा हिस्सा सुरुवातीला लहान, पण दरवर्षी वाढत निम्म्यापर्यंत न्यायचा आहे. याला ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ म्हणतात. इंग्रजीतलं ईपीआर.

वाचायला झकास. पण एवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर मेकॅनिकदादांचं पिंप येतं. कंपनीला आपला हिस्सा पूर्ण करायचा तर ती कुठे जाईल? जिथे एका फेरीत हजारो लिटर मिळतं तिथे. मोठे कारखाने, शहरातली मोठी सर्व्हिस सेंटर्स. दोनशे लिटरच्या एका पिंपासाठी परवानाधारक गाडी सफाळ्याला कशाला येईल? डिझेलचा खर्चही निघणार नाही. आणि दातिवऱ्याच्या खाडीवर बोटीचं ऑइल बदलणाऱ्या खलाशाकडे तर नाहीच नाही. म्हणून कायदा दिल्लीत पास होतो आणि आमच्या नाक्यावर नापास.

२०१० मध्ये मुंबईजवळ समुद्रात ‘एमएससी चित्रा’ जहाजाला टक्कर बसली, शेकडो टन तेल सांडलं आणि देशभर ब्रेकिंग न्यूज झाली. व्हायलाच हवी होती. पण एक-एक लिटरने सांडणाऱ्या तेलाची बातमी कोणी करत नाही. त्याला कॅप्टन नाही, टक्कर नाही, फोटो नाही. असलाच तर माझ्या स्टोरीतला तो रेनबो.

माझं मत विचाराल तर गाडं यंत्रात अडलेलं नाही, कायद्यातही नाही. अडलंय ते गॅरेज आणि परवानाधारक कारखाना यांच्या मधल्या रस्त्यावर. त्यासाठी दोन गोष्टी लगेच करता येतील.

पहिली, जो विकेल त्यानेच परत घ्यावं. जर्मनीत नवं इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानाला तेवढंच जुनं ऑइल ग्राहकाकडून फुकट परत घ्यावं लागतं. आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटलीला डिपॉझिट होतं, ते आई-बाबांना विचारा. डब्यामागे थोडं डिपॉझिट ठेवा, जुनं तेल आणून दिलं की परत द्या. बघा, कोणी कुंपणाला ओततंय का.

दुसरी, तालुक्यात आधीच जिथे मोठं पिंप भरतं तिथे छोटी पिंपं जोडावी. सफाळ्यात एसटीचा डेपो आहे. एसटी, रेल्वे यांसारख्या संस्था वापरलेलं तेल लिलावाने विकतात आणि घेणारा नोंदणीकृतच लागतो. मग आजूबाजूच्या दहा गॅरेजचं तेल रीतसर नोंद करून, योग्य पैसे देऊन तिथेच गोळा का करू नये? बोटींसाठी तेच काम मच्छीमार सोसायट्या करू शकतील. डिझेल जिथून मिळतं, तिथेच जुनं ऑइल परत. खर्च कंपन्यांनी उचलावा, त्यांना तसाही हिस्सा भरायचाच आहे. मेकॅनिकदादांना टेम्पोवाल्याइतकेच पैसे मिळाले पाहिजेत. त्यांनी समाजसेवा म्हणून तोटा सोसावा, अशी अपेक्षा धरली तर ही योजना पहिल्याच महिन्यात बसेल.

‘इलेक्ट्रिक येतेय ना?’

हा प्रश्न मला ऑफिसमध्येही विचारला गेला. हो, इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिन ऑइल लागत नाही. पण तुमच्या वर्गातल्या किती जणांकडे आहे? जुन्या पेट्रोल गाड्या अजून कित्येक वर्षं धावणार आहेत. शहरात नकोशा झाल्या की त्या सेकंडहँड होऊन आमच्याकडेच येणार आहेत. जुनी गाडी म्हणजे जास्त गळती. शिवाय ट्रॅक्टर, बोटी, जनरेटर, कारखान्यांतली यंत्रं आहेतच. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का?

आपण गणपतीला शाडूची मूर्ती आणतो, स्टीलची बाटली बाळगतो, प्लास्टिकच्या स्ट्रॉला नाही म्हणतो. चांगलंच आहे. मीही करते. पण स्ट्रॉला नाही म्हणायला फार काही लागत नाही, आणि फोटो छान येतो. ऑइलचं पिंप घाण असतं, गॅरेजमागे असतं, त्याचा सेल्फी निघत नाही. म्हणून ते आपल्या पर्यावरणप्रेमात बसत नाही. खरं तर आपल्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या नावावर वर्षाला दोन-तीन लिटर काळं तेल आहे. गाडी आपली, तर तेलही आपलंच.

म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला एवढं करा. ऑइल बदलताना समोर उभे राहा आणि विचारा, ‘‘दादा, जुन्याचं काय करता?’’ दरडावून नाही, सहज. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्या दिवशी तो टेम्पोवाल्याला विचारेल. रिकामा डबा समोर फोडून घ्या. घरी ऑइल बदलत असाल तर जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या. त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल काहीही मिसळू नका. तशा भेसळीने ते साफ करणं अवघड होऊन बसतं. कुंपणाला, गटारात, उकिरड्यावर, कुठेही ओतू नका.

आणि ज्यांचा पर्यावरणाचा प्रोजेक्ट बाकी आहे त्यांच्यासाठी एक विषय फुकट देते. सीनियरची ‘प्लास्टिक प्रदूषण’ची फाइल कव्हर बदलून देण्यापेक्षा आपल्या नाक्यावरची गॅरेजेस मोजा. महिन्याला किती पिंपं भरतात, कोण नेतं, पावती मिळते का, एवढंच लिहा. एनएसएसच्या कॅम्पमध्ये दोन दिवसांत होईल. असा आकडा हातात असेल तर ग्रामपंचायतीपासून प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत कोणालाही ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणता येणार नाही.

मी सुरुवात केलीय. मागच्या रविवारी स्कूटरचं ऑइल बदललं. जुनं तेल तेलाच्याच डब्यात भरलं, सीटखाली ठेवलं आणि मेकॅनिकदादांच्या पिंपात ओतून आले. तिथून ते अजूनही त्याच टेम्पोत जाणार, हे मला माहीत आहे. म्हणजे अर्धंच काम झालंय. उरलेलं अर्धं एकट्या माझ्याने होणार नाही, म्हणून तर हे लिहिलं. दादा हसले आणि म्हणाले, ‘‘ताई, टेम्पोवाल्याला या वेळी विचारतो.’’

पहिला पाऊस येईल तेव्हा मी त्या चरापाशी जाऊन बघणार आहे. या वर्षी रंग दिसायला नकोत.